आधी बूड, मग रंग: घोडबंदर रोडवरची कुंड्यांची खरेदी

माझा धंदा गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगचा. त्यामुळे दुकानात कुंडी हातात आली की मी ती आधी उलटी करतो आणि बूड बघतो. आमची ही रंग बघते. तिला सक्युलंटचा, म्हणजे अंगात पाणी साठवून ठेवणाऱ्या रोपांचा, नाद लागून बरीच वर्षं झाली. हॉलची खिडकी, किचनचा कट्टा, बेडरूमचं ग्रिल, जिथे बघावं तिथे जाड पानांची मंडळी बसलेली आहेत. रोपं निवडताना मला कोणी विचारत नाही. कुंडीच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द माझा, कारण पाणी कुठे अडतंय हे ओळखण्यावरच आमची चूल पेटते.

ठाण्यात कुंड्या घ्यायच्या तर घोडबंदर रोड. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली करत ओवळा आणि पार गायमुखपर्यंत रस्त्याकडेला नर्सऱ्या आहेत. मेट्रोच्या कामामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही आणि धुळीचं तर विचारू नका. या धुळीचा खरेदीशीही संबंध आहे. पुढच्या रांगेतल्या झिलईच्या कुंड्या सगळ्या एकाच मळकट रंगाच्या दिसतात. जवळ पाण्याची बाटली आणि फडकं ठेवा, पुसून बघा, मग ठरवा. आम्ही एकदा राखाडी समजून बाजूला ठेवलेली कुंडी पुसल्यावर चक्क मोरपिशी निघाली.

ज्या नर्सरीबद्दल मुख्यतः लिहितोय ती ओवळ्याच्या आसपास आहे. बोर्डावरचं नाव उन्हाने उडालंय, ‘नर्सरी’ एवढंच वाचता येतं. हिरव्या शेडनेटखाली रोपं, मागे पेंढ्यात रचलेल्या मातीच्या कुंड्या, मध्ये लोखंडी रॅकवर सिरॅमिक, आणि अगदी दर्शनी, गाडीतून दिसेल असा बुद्धाच्या मुंडक्यांचा ताफा. गल्ल्यावर वहिनी बसतात, माल दाखवायला एक पोरगा आहे. पोरगा चांगला आहे. घाई करत नाही, दहा कुंड्या काढायला लावून एक घेतली तरी तोंड वाकडं करत नाही. ठाण्यातल्या साड्यांच्या दुकानांनी शिकावं असं.

मागच्या बाजूपासून सुरुवात करतो, कारण खरा माल तिथे आहे.

मातीची साधी कुंडी सक्युलंटला सगळ्यात मानवते. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, म्हणजे ती बुडातूनही वाळते आणि चहूबाजूंनीही. हे महत्त्वाचं का, तर ही रोपं पाणी पितातच कमी. मेक्सिकोतली एचेवेरिया काय किंवा दक्षिण आफ्रिकेतली हावर्थिया, जेड काय, सगळी कोरड्या मुलखातली. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांवरची रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. कोथिंबिरीच्या कुंडीतलं पाणी झाड ओढून घेतं. इथे ते तसंच बसून राहतं. त्यात आपली हवा ठाण्याची. जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट. अशा ठिकाणी कुंडी स्वतः पाणी टाकून देणारी असेल तर अर्धं काम झालं.

पण मातीची म्हणजे कुठलीही नव्हे. टिचकी मारा. नीट भाजलेली कुंडी खणखणते, कच्ची भद्द वाजते. माठ घेताना आपल्या आया जे करायच्या तेच. तडा गेलेली असेल तरी आवाज फुटका येतो, नजरेला तडा दिसो वा न दिसो. कच्च्या कुंडीचे काठ एका पावसाळ्यात पापुद्रे सुटून झडायला लागतात. दुसरी गोष्ट, भोकात बोट घालून बघा. पुष्कळदा बाहेरून भोक दिसतं आणि आतून मातीच्या चिकट कडेने ते निम्मं बुजलेलं असतं. वाळलेली ती कड स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तर निघते, पण हे काम दुकानातच पोराकडून करून घ्यावं. फुटली तर त्यांची.

तिसरी गोष्ट कोणी बघत नाही. कुंडीचं बूड सपाट असेल आणि तुम्ही ती सपाट लादीवर ठेवलीत तर भोक असून नसल्यासारखं. लादी आणि बूड एकमेकांना चिकटतात, पाणी कुठून निघणार? बुडाला पाय किंवा कडेला खाचा असलेली कुंडी मिळाली तर उत्तम, नाहीतर खाली टाइलचे तीन तुकडे ठेवायचे. गच्चीवर पाण्याच्या टाक्या आम्ही जमिनीपासून उचलून का बसवतो हे ज्याला कळलं त्याला हेही कळेल.

आता रंगवलेल्या मातीच्या कुंड्या. ठाण्यात वारली चित्रांचं पीक आलंय. बाहेरून ऑइल पेंट, त्यावर स्टेन्सिलने मारलेले वारली. दिसतात छान, घेऊ नका. आतली ओल मातीतून बाहेर यायला बघते, बाहेर रंगाची झिल्ली असते, मग रंगाला फोड येतात आणि पापुद्रे पडतात. बाथरूममागच्या भिंतीचा रंग का फुगतो हे विचारायला लोक मला फोन करतात, कारण तेच. चित्राचं वेड असेल तर आधी कोरडी, न रंगवलेली कुंडी घ्या आणि काठाला बोटभर पट्टा तेवढा रंगवा. बाकी अंग मोकळं राहू द्या.

साध्या कुंडीवर पुढे पांढरे क्षार येतात. घोडबंदरच्या ज्या सोसायट्यांत टँकर नाहीतर बोअरचं पाणी आहे तिथे जरा जास्तच. आमच्या हिला ते आवडतं, म्हणते जुनी दिसते. मला ते आवडत नाही, कारण भिंतीवर तेच दिसलं की मला माणसं लावावी लागतात. अर्धं लिंबू घासलं की बरेचसे जातात.

या विभागात माझी सगळ्यात जास्त शिफारस कशाची तर पसरट वाडग्यांची. सहा-सात इंच व्यासाचे, तीन इंच खोल, नुसते लाल. त्यात एकच मोठी एचेवेरिया बसवली की ती कमळासारखी पसरून दिसते आणि बघणाऱ्याची नजर कुंडीवर न थांबता रोपावर जाते. किंमत शंभरच्या आसपास, आणि वहिनी चार घेतल्या तर एकावर थोडं सोडतात. एक सावधगिरी मात्र घ्या. भिजलेल्या मातीच्या तळाला ओलीचा एक थर राहतोच, आणि कुंडी खोल असो की उथळ, त्या थराची जाडी मातीवर ठरते. म्हणजे सात इंच खोल कुंडीत तो थर खाली राहील आणि मुळं वर कोरडी असतील. तीन इंची वाडग्यात तोच थर मुळांपर्यंत येईल. त्यामुळे उथळ कुंडीत भरड मिश्रणच हवं: विटांचा चुरा, परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे), जाड वाळू, आणि माती नावापुरती. विटांचा चुरा मला साइटवर फुकट मिळतो. बारीक पावडर चाळून टाकायची, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे.

यावरून माझा आणि पोराचा कायम वाद होतो. तो म्हणतो, “अंकल, नीचे पत्थर डालो, पानी निकल जाएगा.” सगळ्या नर्सऱ्यांत हेच सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती भिजून तुडुंब झाली की मगच खाली टपकतं. म्हणजे खडीमुळे तो ओला थर उलट वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर जाळीचा तुकडा ठेवायचा, बस. मच्छरदाणीची जाळी चालते. आम्ही कोटिंगमध्ये घालतो त्या फायबर मेशचा तुकडा सगळ्यात टिकाऊ. पोराला हे मी कुंडी फोडून दाखवलं तरी पटणार नाही, आणि त्याचं म्हणणं त्याच्या गुरूचं आहे, म्हणून मी आता बोलत नाही.

सिरॅमिकचा रॅक हा बायकोचा प्रांत. तिथे ती तास काढते आणि मी बूड तपासत मागे उभा. माल बराचसा उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचा. तिथल्या मातीकामाला भौगोलिक मानांकन आहे आणि आपल्याकडच्या बरण्या, कप, कुंड्या वर्षानुवर्षं तिथूनच येतात. यातलं स्टोनवेअर १२०० अंशांच्या वर भाजलेलं असतं. अंगच घट्ट, पाणी शोषत नाही, त्यावर काचेसारखी झिलई. म्हणजे इथे पाण्याला बाहेर पडायला भोक हा एकच रस्ता. आणि नेमकं भोकच पुष्कळ कुंड्यांना नसतं! कप म्हणून बनवलेली वस्तू कुंडी म्हणून विकतात.

या नर्सरीला मी चार तारे देतो तो यासाठी की इथे भोक पाडून मिळतं. शेडमध्ये ड्रिल आहे. पोरगा पहिल्यांदा साधं काँक्रीटचं बिट लावून ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोक्यांवर, टाकायला निघाला होता, तेव्हा मी ते हातातून काढून घेतलं. झिलईच्या भांड्याला हॅमर म्हणजे खून. डायमंड कोअर बिट, दहा-बारा मिलिमीटरचं. कुंडी उलटी, खाली ओल्या वाळूची उशी, बुडावर चिकटपट्टी म्हणजे बिट घसरत नाही. सुरुवात तिरकी, एका कडेने चंद्रकोर उमटली की हळूहळू सरळ. जोर द्यायचा नाही, वेग कमी, आणि पाण्याची धार सतत. शेवटचा मिलिमीटर जाताना तर मशीनच्या वजनावर सोडायचं, नाहीतर आतल्या बाजूने टवका उडतो. आता ते माझ्याच पद्धतीने करतात आणि भोकाचे वीस रुपये लावतात. माझ्याकडूनही लावतात. वहिनींचा हिशेब चोख.

भोकाशिवाय सिरॅमिकमध्ये तीन गोष्टी बघा. कुंडी फरशीवर ठेवून बोटाने हलवा, डुगडुगली तर परत. काठावरून नख फिरवा, टवका नजरेआधी नखाला लागतो. झिलईत केसांसारख्या रेषांची जाळी दिसते का ते उजेडात तिरकं धरून पाहा. काही कारागीर ती मुद्दाम आणतात आणि ती सुंदरही दिसते, पण स्वस्त मालात ती आली तर झिलई आणि अंग यांचं जमलेलं नाही एवढं समजावं. अंग सच्छिद्र असेल तर अशा रेषांतून पाणी शिरतं आणि डाग आतून वर येतात.

आकाराबद्दल. पोट मोठं आणि तोंड लहान अशा गोंडस कुंड्या रॅकवर सगळ्यात आधी संपतात. घेऊ नका. रोप वाढलं की मुळांचा गोळा त्या तोंडातून बाहेर येत नाही; एकतर मुळं तोडा नाहीतर कुंडी फोडा. तोंड बुडापेक्षा थोडं रुंद हवं. माप घेताना आतलं घ्या. ऑनलाइन मागवताना हेच अंगाशी येतं: वर्णनात चार इंच लिहितात ते बाहेरचं, भिंत जाड असली की आत तीनच उरतात. आमच्या एका पार्सलमध्ये तर चारातल्या दोनच धड निघाल्या, उरलेल्यांचा चुरा. पैसे परत मिळाले, पण तेव्हापासून सिरॅमिक हातात घेतल्याशिवाय घ्यायचं नाही असा घरात ठराव झालाय. कुंडी रोपापेक्षा चहूबाजूंनी अर्धा-पाऊण इंच मोठी पुरे. ‘वाढेल’ म्हणून आठ इंचीत बसवलेलं तीन इंची रोप वाढण्याआधी सडतं, कारण जिथे मुळंच नाहीत त्या मातीतलं पाणी कोण पिणार?

आता रंग. इथे मी गप्प बसतो आणि शिकतो. ही रोप हातात घेऊन रॅकपाशी जाते आणि साडीवर ब्लाउजपीस लावून बघावं तसं एकेका कुंडीला लावून बघते. तिचा हिशोब असा की पानाच्या मुख्य रंगाकडे बघायचं नाही, त्याच्या दुसऱ्या रंगाकडे बघायचं. निळसर करड्या एचेवेरियाच्या टोकाला गुलाबी कड असते, मग कुंडी फिक्या विटकरी किंवा वाळूच्या रंगाची. त्या कडेला उठाव येतो. झेब्रा हावर्थियावर पांढरे पट्टे, तिला मॅट काळी कुंडी. पट्टे खडूने ओढल्याइतके स्पष्ट दिसतात. जेडला जुना लाकडी बुंधा आला की गडद निळी झिलई. ज्या पानांवर पांढरी पावडर असते, बोट लागलं की ठसा उमटतो ती, त्यांना चकचकीत कुंडी द्यायची नाही. दोघांतलं एकच चमकावं. आणि एका खिडकीत रंगांचं एकच घराणं ठेवायचं. सात कुंड्या सात रंगांच्या लावल्या की घर नर्सरीसारखं दिसतं, असं ती म्हणते, आणि शेजारच्या विंगमधल्या एका ग्रिलकडे बघते.

माझा एकच आक्षेप तिच्या काळ्या कुंड्यांना. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये काळी कुंडी दुपारी हाताला चटका देते आणि आत मुळं शिजतात. काळी घ्या, पण पूर्वेला किंवा थेट ऊन न येणाऱ्या खिडकीत ठेवा. हावर्थियाला तसंही थेट ऊन नकोच असतं. आपल्या फ्लॅटमध्ये सगळ्यात निभावून नेणारं सक्युलंट तेच, म्हणून मी म्हणतो, पहिली देखणी कुंडी घ्यायची तर हावर्थियासाठी घ्या. एचेवेरिया दिसायला राणी, पण पावसाळ्यात हमखास रुसते.

सिमेंटच्या कुंड्या. दिवसभर सिमेंट बघणाऱ्या माणसाला घरात पुन्हा तेच कशाला, असं माझं मत होतं. हिने मला न विचारता नेरूळच्या एका घरगुती बनवणाऱ्या बाईकडून षटकोनी राखाडी कुंडी आणली. भिंती पातळ, कडा धारदार, हवेचे बुडबुडे जवळपास नाहीत. साचा चांगला ठोकला होता, कारागिरी बघून मीच विचारलं किती दिवस पाण्यात ठेवली होती. कारण सिमेंटची खोड ही की नवीन असताना ते जबर क्षारीय असतं, पीएच १२ च्या वर. रोप थेट लावलं तर मुळं होरपळतात. क्युरिंग झालेली, म्हणजे पाण्यात ठेवून पक्की केलेली हवी, आणि घरी आणल्यावर बादलीत बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, पाण्यावर पांढरी साय येणं थांबेपर्यंत. त्यानंतर निवांत. त्या षटकोनी कुंडीत गडद हिरवी गॅस्टेरिया आहे आणि घरात येणारा प्रत्येक जण आधी तिच्याबद्दल विचारतो. वजन मात्र लक्षात घ्या. ओली माती आणि सिमेंट मिळून छोटी कुंडीसुद्धा दगडासारखी होते. ग्रिलच्या पट्ट्यांवर ओळीने मांडायची नाही, आणि कठड्यावर तर कुठलीच कुंडी नको.

बुद्धाची मुंडकी, घुबडं, बेडूक, पुस्तक वाचणाऱ्या मुली. रेझिनचा माल, भोक मागाहून कसंबसं पाडलेलं, रंग एका उन्हाळ्यापुरता. बुद्धाच्या डोक्यातून झाड उगवलेलं पाहून ही म्हणाली, “अहो, देवाच्या डोक्यात माती भरायची कशाला?” माझी हरकत इतकी धार्मिक नाही. अशा कुंडीत झाड केसांचं काम करतं, बघायला चेहराच उरतो. ज्याला ते हवंय त्याने प्लॅस्टिकची फुलं खोचावीत, पाणीही घालावं लागणार नाही. काचेचे बंद गोळे आणि पत्र्याचे डबे यांवर शब्द खर्च करत नाही. एकाला आतून घाम फुटतो, दुसरा गंजतो.

मुंज-बारशाला रिटर्न गिफ्ट म्हणून जे चिमुकले कप मिळतात त्यांचं काय करायचं हे पुष्कळ जण विचारतात. भोक नाही, आणि वरचे पांढरे खडे चक्क गोंदाने चिकटवलेले असतात, म्हणजे वरूनही हवा बंद. त्याच दिवशी रोप काढा, खडे फोडा, कोकोपीट (पाणी धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा) झटका. कपाला भोक पाडा किंवा त्यात पेन ठेवा. लगेच जमत नसेल तर रोप नर्सरीच्या काळ्या प्लॅस्टिक कुंडीतच राहू द्या आणि ती कुंडी देखण्या कुंडीच्या आत बसवा. पाणी घालताना बाहेर काढायची, निथळली की परत आत. पाहुणे यायच्या आधी हे दोन मिनिटांत होतं. महागड्या, भोक पाडायला जीव होत नाही अशा कुंडीला तर हाच इलाज.

खुर्जाचा माल थेट हवा असेल तर सीबीडी बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. तिथे हस्तकलेची प्रदर्शनं भरतात आणि मातीकामाचे स्टॉल लागलेले मी पाहिलेत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल पकडली की गाडी न बदलता बेलापूर. घोडबंदरपेक्षा रंग जास्त, फिनिशिंग सरस, आणि विकणाऱ्याला भट्टीबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं. घासाघीस करावी लागते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर परत माल लादून न्यायचा त्यांना कंटाळा असतो, तेव्हा भाव उतरतात, पण चांगले नग तोवर गेलेले असतात. आणि परतीच्या गर्दीत सिरॅमिक सांभाळायचं म्हणजे एका माणसाचे दोन्ही हात गुंतले. एकात एक घातलेल्या कुंड्यांमध्ये वर्तमानपत्र कोंबून घ्या, मधल्या मोकळ्या जागेतच फुटतात त्या. भोक पाडून मात्र तिथे मिळणार नाही, ते ओवळ्याला.

ओवळ्याच्या नर्सरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सिरॅमिकवर किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत, वहिनी तुमच्याकडे बघून भाव सांगतात. गाडीतून उतरलात तर एक, चालत आलात तर दुसरा. रोपं शुद्ध कोकोपीटमध्ये असतात, आणि कुंडी घेतली की पोरगा ‘फ्री में लगा देता हूँ’ म्हणत पुन्हा त्याच कोकोपीटमध्ये लावून देतो. नको म्हणा, घरी लावा. निळा-जांभळा रंग फवारलेले कॅक्टसही ठेवतात. मी हटकलं तर वहिनी म्हणाल्या, लोक मागतात. लाल-पिवळ्या गोळ्याचे कलम केलेले कॅक्टस हा वेगळा प्रकार. तो रंग खरा असतो, पण त्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने तो खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावर जगतो. खुंट सडला की दोघंही गेले. त्याला भारी कुंडी घेऊन देऊ नये.

आणि बश्या. कुंडीबरोबर मॅचिंग बशी गळ्यात मारतात. उन्हाळ्यात, हॉलमध्ये, फरशीवर डाग नकोत म्हणून ठीक. पावसाळ्यात बशीत साचलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं बाळंतघर. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेची माणसं घरी येऊन कुंड्यांखाली वाकून बघतात ते उगाच नाही. जूनमध्ये बश्या काढून माळ्यावर टाका. कुंड्या ग्रिलमधून आत, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी घ्या.

जायचं तर मधल्या वारी सकाळी जा. रविवारी दुपारी गायमुखच्या बाजूने ट्रॅफिक तुंबला की परत यायला जेवणाची वेळ टळते. गणपतीच्या आधी माल जुना असतो, दसऱ्याच्या सुमाराला नवी गाडी उतरते. हिला किचनच्या खिडकीसाठी लांबट ट्रे हवाय, आणि तो आम्हाला ना घोडबंदरला मिळाला ना बेलापूरला. जे मिळतात ते बोन्सायचे, फार रुंद. वहिनींच्या वहीत माप लिहून आलोय: अठरा बाय चार, खोली तीन, वाळूचा रंग, झिलई फक्त बाहेरून, बुडाला पाय आणि भोकं तीन. खाली हिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, “चकचकीत नको.”